विश्लेषण : येशूला ‘माउली’ म्हणणारे रेव्हरंड टिळक, ख्रिस्ती धर्मातील देवाच्या नावांचा अर्थ काय?

ख्रिस्त हे आडनाव आहे का? यहोवा, प्रभू, मशीहा, इम्मानुएल या शब्दांत फरक काय? आणि वारकऱ्यांच्या तोंडची ‘माउली’ मराठी चर्चमध्ये कशी पोहोचली? कवी नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यातून घेतलेला हा वेध.

सिन्नरच्या गोंदेश्वराचे नाव घेताना त्यातला ‘ईश्वर’ हा शब्द मान दाखवणारा आहे, हे कुणाला सांगावे लागत नाही. ‘येशू ख्रिस्त’ या नावाबाबत मात्र गोंधळ होतो. ‘येशू’ हे नाव आणि ‘ख्रिस्त’ हे आडनाव, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ‘ख्रिस्त’ ही पदवी आहे. ख्रिस्ती धर्मात देवासाठी आणि येशूसाठी अशी अनेक नावे आणि पदव्या आहेत. ती हिब्रू आणि ग्रीक भाषांतून आली. ती मराठीत आणताना कोणता शब्द घ्यायचा, हा प्रश्न चारशे वर्षे जुना आहे.

या प्रश्नाचे उत्तर ज्यांना स्वतःच्या आयुष्यातून द्यावे लागले, ते कवी नारायण वामन टिळक. त्यांचे शिक्षण आणि सासर नाशिकचे, तर कर्मभूमी अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची. सिन्नर या दोन शहरांच्या मधल्या वाटेवर आहे.

नारायण वामन टिळक कोण होते?

‘टिळक’ म्हटले की लोकमान्य आठवतात. नारायण वामन टिळक हे त्यांचेच समकालीन, तेही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. पण दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या. नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. ‘वनवासी फूल’, ‘केवढे हे क्रौर्य’ या त्यांच्या कविता मराठी शाळांमधून पिढ्यानपिढ्या शिकवल्या गेल्या. फुलांवर आणि मुलांवर लिहिणारे कवी अशी त्यांची ओळख झाली. बालकवी ठोंबरे यांची प्रतिभा ओळखून त्यांना आपल्या घरी आधार देणारेही हेच टिळक.

त्यांच्या नावातच एक विशेष आहे. ‘नारायण’ आणि ‘वामन’ ही दोन्ही विष्णूची नावे. त्या काळी धर्मांतर करणारे काही जण बायबलमधले नाव घेत. संस्कृत पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे नेहेम्या गोरे झाले होते. टिळकांनी मात्र नाव बदलले नाही. ख्रिस्ती पाळक झाल्यावरही ते रेव्हरंड नारायण वामन टिळकच राहिले.

नाशिकशी त्यांचे नाते काय?

टिळकांचे बालपण सुखाचे नव्हते. आई लहानपणीच गेली. वडिलांचा स्वभाव कडक, त्यांच्याशी मुलाचे फारसे जमले नाही. सुरुवातीचे शिक्षण कल्याणला झाले आणि मग ते नाशिकला आले. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्याचा अभ्यास केला. पुढे इंग्रजी शाळेतही थोडे शिकले. पैशाअभावी शिक्षण अर्धवट सुटले आणि त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली.

नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूरची मनकर्णिका गोखले ही त्यांची पत्नी. १८८०च्या सुमारास लग्न झाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले गेले. याच लक्ष्मीबाई टिळक पुढे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे मराठी साहित्यात अजरामर झाल्या. नवऱ्याचे नाव न घेण्याच्या त्या काळात त्यांनी आपल्या पुस्तकभर त्यांचा उल्लेख ‘टिळक’ असाच केला आहे.

टिळक एका जागी टिकणारे नव्हते. शिकवणे, कीर्तन, छापखान्यातले काम, लेखन असे करत ते गावोगाव हिंडले. १८९१मध्ये नागपूरला संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले. जातिभेद आणि कर्मकांड यांवर त्यांच्या मनात प्रश्न होते. देशाला एका नव्या, सर्वांना जोडणाऱ्या धर्माची गरज आहे, असे त्यांना वाटू लागले होते.

रेल्वेच्या डब्यात काय घडले?

१८९३मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानातल्या नोकरीसाठी निघाले. डब्यात त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. संस्कृत काव्यापासून सुरू झालेले बोलणे धर्मापर्यंत गेले. त्या प्रवाशाने उतरताना टिळकांना बायबलमधला ‘नवा करार’ भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले, अशी आठवण सांगितली जाते.

टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले. येशूने डोंगरावर केलेल्या प्रवचनापाशी ते थांबले. शत्रूवरही प्रेम करण्याची शिकवण त्यांना सोडेना. ख्रिस्ती लोकांशी पत्रव्यवहार सुरू झाला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

‘येशू’ आणि ‘ख्रिस्त’ यांचा अर्थ काय?

टिळकांनी जे पुस्तक वाचले त्यात येशूला एकाच नावाने हाक मारलेली नाही. प्रत्येक नाव वेगळी गोष्ट सांगते.

येशू : मूळ हिब्रू उच्चार ‘येशुआ’. अर्थ, देव तारतो. त्या काळी यहुदी मुलांमध्ये हे नाव सर्रास होते. मराठी बायबलच्या जुन्या करारातला ‘यहोशवा’ हे याच नावाचे मोठे रूप. गोव्याकडे ‘जेजू’ म्हणतात, कुराणात ‘ईसा’ म्हटले आहे.

ख्रिस्त : ग्रीक ‘ख्रिस्तोस’, म्हणजे अभिषेक झालेला. हिब्रू ‘मशीहा’चे हे भाषांतर. प्राचीन इस्राएलमध्ये राजाच्या आणि याजकाच्या डोक्यावर तेल ओतून त्याला पदावर बसवत. देव असा एक राजा पाठवील, ही यहुदी लोकांची आशा होती. येशू म्हणजेच तो अभिषिक्त, असे मानणारे ‘ख्रिस्ती’ ठरले.

प्रभू : ग्रीक ‘क्युरियोस’, म्हणजे धनी, स्वामी. रोमन साम्राज्यात सम्राटालाही हा शब्द लावत. त्यामुळे सुळावर दिलेल्या एका सुताराला प्रभू म्हणणे हे तेव्हा धाडसाचे काम होते.

इम्मानुएल : देव आमच्यासोबत आहे.

गुरुजी : शिष्य येशूला ‘रब्बी’ म्हणत. यहुदी लोकांत धर्मशिक्षकाला ही हाक मारली जाते. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘गुरुजी’ हा शब्द आला.

बाप : येशू देवाला ‘अब्बा’ म्हणे. त्याच्या घरच्या अरामी भाषेतली ही वडिलांना मारायची हाक आहे. राजा, न्यायाधीश अशा पदव्यांच्या शेजारी हा घरगुती शब्द येऊन बसला, आणि ख्रिस्ती प्रार्थनेचा सूरच त्याने ठरवला.

‘यहोवा’ की ‘परमेश्वर’?

बायबलच्या जुन्या करारात देवाचे एक खास नाव चार हिब्रू व्यंजनांनी लिहिले आहे. मोशेने देवाला नाव विचारले, तेव्हा मिळालेल्या उत्तराचा अर्थ ‘मी आहे’ असा काहीसा होतो. हे नाव इतके पवित्र मानले गेले की यहुदी लोक ते उच्चारत नाहीत. त्या जागी ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, असे वाचतात. कोकणातून आलेल्या मराठी भाषक बेने इस्रायली समाजाच्या हिब्रू प्रार्थनेतही हीच रीत आहे.

हिब्रू लेखनात पूर्वी स्वर लिहीत नसत. पुढे वाचकाला आठवण राहावी म्हणून त्या चार व्यंजनांना ‘अदोनाय’चे स्वर जोडले गेले. ते एकत्र वाचल्यामुळे ‘यहोवा’ हे रूप तयार झाले. मूळ उच्चार ‘याहवे’च्या जवळचा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जुन्या मराठी बायबलमध्ये ‘यहोवा’ होते. आज अनेक घरांत वाचल्या जाणाऱ्या आवृत्तीत त्या जागी ‘परमेश्वर’ आहे.

याशिवाय हिब्रूत ‘एलोहीम’ हा शब्द देवासाठी येतो. व्याकरणाने तो अनेकवचनी आहे, पण एकाच देवाबद्दल असताना क्रियापद एकवचनी येते. मराठीत हा शब्द साध्या ‘देव’ने दाखवला जातो.

मराठी शब्दांची अडचण कुठे होती?

शब्द भाषेत मोकळे फिरत नाहीत, सोबत जुना अर्थ घेऊन येतात. ‘देव’ म्हटले की मराठी माणसासमोर एक नव्हे, अनेक देव उभे राहतात. गोंदेश्वराचे मंदिर पंचायतन आहे. मधोमध महादेव आणि भोवती विष्णू, सूर्य, पार्वती, गणपती. अशा परिसरात ‘देव’ या शब्दाने एकच देव सुचवायचा, तर तो अर्थ वाक्यातून घडवावा लागतो.

‘अवतार’ या शब्दाचेही तसेच. अवतार अनेक असतात. येशूचे मनुष्य होणे एकदाच घडले, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते. म्हणून मराठी ख्रिस्ती लेखनात ‘देहधारण’ हा शब्द रुळला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यासाठी ‘त्रिमूर्ती’ टाळून ‘त्रैक्य’ घेतला गेला. कारण भर तीनवर नसून त्यांच्या एक असण्यावर आहे.

‘तारण’ हे आणखी एक उदाहरण. बँकेत सोने तारण ठेवतात. चर्चमध्ये मात्र तारण म्हणजे पापातून सुटका आणि ‘तारणारा’ म्हणजे येशू. एकच शब्द, पण दोन ठिकाणी दोन अर्थ.

टिळकांच्या आधीही हा प्रयत्न झाला होता. इंग्लंडहून गोव्याला आलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी १६१६मध्ये ‘क्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध काव्य प्रसिद्ध केले. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला. विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली बंगालमधल्या सेरामपूरला १८११मध्ये मराठी नवा करार छापला गेला. टिळकांच्या समकालीन पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत संपूर्ण बायबल आणले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४मध्ये प्रसिद्ध झाले.

बाप्तिस्म्यानंतर घराचे काय झाले?

टिळकांनी निवडलेल्या नावाची किंमत सर्वात आधी घराने मोजली. बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी नसल्यासारखा. नातेवाईक दुःखात होते. लक्ष्मीबाई काही काळ पंढरपूरलाही राहिल्या. विठ्ठलाच्या गावात त्या नवऱ्याच्या नव्या देवाचा विचार करत होत्या.

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या टिळकांकडे अहमदनगरला गेल्या. तरी सोवळे सोडले नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. माणसामाणसांत देवाने भेद केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना हळूहळू, स्वतःच्या विचाराने पटत गेले. १९००मध्ये त्यांनी आणि मुलानेही बाप्तिस्मा घेतला. हा सगळा काळ त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त इतक्या मोकळेपणाने आणि मिश्कीलपणे मांडला आहे की कोणत्याही धर्माचा वाचक त्यात रमतो.

टिळकांनी ‘माउली’ आणि ‘गुरू’ का म्हटले?

अहमदनगरला टिळक मिशनच्या धर्मशिक्षण विद्यालयात शिकवू लागले. १९०४मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि नावामागे ‘रेव्हरंड’ ही पदवी लागली. इंग्रजीतल्या या शब्दाचा अर्थ आदरणीय. पुढे १८४२ पासून चालत आलेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादनही त्यांनी केले.

चर्चमध्ये त्यांना एक गोष्ट खटकत होती. गीतांचे शब्द मराठी, पण चाली आणि सूर परदेशी. येशू स्वतः आशियातला, तरी इथे तो साहेबाचा देव वाटे. मराठी ख्रिस्ती माणूस आपल्याच गावात परका होत होता. टिळकांना यावर उपाय सापडला तो वारकरी परंपरेत. तुकारामांच्या अभंगांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी भजने रचली. त्यांची शंभराहून अधिक भक्तिगीते आहेत आणि मराठी चर्चमध्ये ती आजही गायली जातात.

या गीतांत त्यांनी येशूला आई आणि गुरू या दोन्ही नात्यांनी हाक मारली. वारकऱ्याला हे नवे नव्हते. विठ्ठल हा पुरुषदेव असला तरी तो ‘विठाई’ असतो आणि ज्ञानेश्वर ‘माउली’ असतात. मराठीत या शब्दाला आणखी एक पदर आहे. त्या काळच्या घरांत वडिलांना ‘अहो’ म्हणत, आईला मात्र ‘अगं’ म्हणता येई. देवाशी इतक्या जवळून बोलायचे, तर आईचा शब्द मराठी जिभेला सोपा पडतो. ज्याची आई लहानपणी गेली आणि वडिलांशी जमले नाही, त्या कवीला हे नाते किती जवळचे वाटले असेल, याची कल्पना करता येते.

बायबलमध्येही याला आधार आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात देव आईसारखे सांत्वन करणारा आहे. येशूने स्वतःची तुलना पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीशी केली आहे. म्हणजे टिळकांनी कल्पना बाहेरून आणली नाही. मूळ ग्रंथात एका कोपऱ्यात असलेल्या प्रतिमेला त्यांनी मराठीत पुढची जागा दिली.

यावर आक्षेप काय होते?

आक्षेप दोन्हीकडून होते. जुन्या समाजाला वाटे की अभंग आणि माउली हे आपले शब्द, ते दुसऱ्या देवाला का द्यावेत? चर्चमधल्या काहींची शंका वेगळी होती. गुरू अनेक असतात. येशूला गुरू म्हटले, तर तो अनेक संतांमधला एक ठरेल आणि ‘प्रभू’, ‘तारणारा’ या पदव्यांचे वजन कमी होईल, ही त्यांची भीती.

ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. नाव बदलले की अर्थ थोडा सरकतोच. पण तेच ग्रीक भाषेतही घडले होते. ‘ख्रिस्तोस’ हा शब्द ऐकून ज्या ग्रीक माणसाला यहुदी अभिषेकाची कल्पना नव्हती, त्याला तो फक्त ‘तेल लावलेला’ असाच ऐकू येई. लोकांनी तो वापरला, त्यामागची कथा ऐकली आणि मग त्या शब्दात नवा अर्थ भरला. टिळक ‘माउली’ म्हणत तेव्हाही ते ‘प्रभू’ आणि ‘तारणारा’ सोडत नव्हते. त्यांना सर्व नावे एकत्र हवी होती.

‘देवाचा दरबार’ म्हणजे काय?

१९१७मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ते साताऱ्याला राहायला गेले. तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. येशूला गुरू मानणाऱ्यांचा हा मेळा. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. परदेशी पैसा आणि परदेशी अधिकार यांच्याशिवाय या मातीतली ख्रिस्तभक्ती उभी राहावी, हा हेतू. दरबार हा शब्दही त्यांनी इथलाच घेतला.

हा प्रयोग रुजायला वेळ मिळाला नाही. प्रकृती ढासळत गेली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते.

‘ख्रिस्तायन’ कोणी पूर्ण केले?

येशूचे चरित्र रामायणासारखे मराठी घरात वाचले जावे म्हणून टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू केले होते. अकरा अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. जी मुलगी शाळेत गेली नव्हती, जिला नवऱ्याने लग्नानंतर अक्षरओळख करून दिली, तिने हे काम पार पाडले. १९३६मध्ये त्यांचे निधन झाले. अखेरचा एक अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहिला आणि १९३८मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

ज्या नावामुळे हे घर एकदा तुटले होते, त्याच नावाचे काव्य त्याच घराने मिळून पूर्ण केले.

आज हे का समजून घ्यायचे?

नाशिकला शरणपूर रोड रोज हजारो लोक वापरतात. शरणपूर ही एकोणिसाव्या शतकातली ख्रिस्ती वस्ती; शरण आलेल्यांचे गाव, असा तिच्या नावाचा अर्थ. नावे अशीच आपल्यात मिसळतात आणि त्यांचा अर्थ विसरला जातो.

शेजारच्या ख्रिस्ती घरात ‘प्रभू’ म्हटले जाते तेव्हा त्यात धनी आणि सेवक हे नाते आहे. ‘ख्रिस्त’ म्हटले की एका जुन्या आशेची पूर्ती, ‘बाप’ म्हटले की घर आणि ‘तारणारा’ म्हटले की सुटका. ‘माउली’ हा शब्द ऐकू आला, तर तो पंढरीच्या वाटेवरून टिळकांच्या हाताने तिथे पोहोचला आहे. शब्द तोच असला तरी दोन समाज त्यात भरत असलेला अर्थ पूर्ण सारखा नसतो. तो फरक माहीत असला की आदरही ठेवता येतो आणि गैरसमजही टळतो. टिळकांना वाचायचे असेल तर सुरुवात ‘स्मृतिचित्रे’पासून करावी. त्यात ते कवी, नवरा, भक्त आणि हट्टी माणूस अशा सगळ्या रूपांत भेटतात.